दम घेणारं गाणं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि आपण स्वयंपाकघरात उभे आहोत असं समजा. गॅसवर कुकर आहे. डोक्यावर पंखा घरघरतोय. खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करायची खटपट करतंय आणि ती काही दाद देत नाहीये. एवढ्या गोंगाटात आई पलीकडच्या खोलीतून हाक मारते, आणि ती तुम्हाला ऐकू येते. आता कुकरची शिट्टी होते, नेमकी त्याच क्षणी आई दुसऱ्यांदा हाक मारते. ही हाक मात्र तुम्हाला ऐकू येत नाही. मग 'कधीची बोंबलतेय मी!' हे तेवढं नीट ऐकू येतं.

ती दुसरी हाक कुठे गेली? ती तुमच्या कानापर्यंत आली होती. पण शिट्टीनं तिच्यावर पांघरूण घातलं.

हे कसं होतं, ते सांगतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक चिमुकली नळी असते. तिच्यात केसांहूनही बारीक पेशींच्या रांगा असतात. दाराजवळच्या पेशी चढ्या, बारीक आवाजांना डोलतात. अगदी आतल्या टोकाच्या पेशी ढोलासारख्या खालच्या आवाजांना डोलतात. दोन आवाज एकाच वेळी एकाच ठिकाणच्या पेशींना हलवू लागले, की मोठा जिंकतो आणि लहान झाकला जातो. आईची हाक आणि शिट्टी एकाच बाकावर बसायला आल्या होत्या म्हणा ना.

आणखी एक गंमत आहे. आपला कान नुसता ऐकत नाही, तो उत्तरही देतो. ऐकता ऐकता या पेशी स्वतः अगदी हलकी कुजबुज करतात. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही हे डॉक्टर त्यावरूनच तपासतात. बाळाच्या कानात टिकटिक करायची आणि कानातून परत येणारी कुजबुज यंत्रानं टिपायची. जिथल्या पेशी मेल्या असतील, तिथून उत्तर येत नाही.

आता अजून थोडं पुढे चला. तुम्ही मोठे व्हाल, तुम्हाला मुलं होतील, त्या काळात. कानात घालायचे इअरबडच ही कुजबुज ऐकू लागलेत. त्या यंत्रणेचं नाव नितळ. नितळमधलं गाणं एकसंध नसतं. ढोल वेगळा, बासरी वेगळी, आवाज वेगळा, असे सुटे धागे असतात. तुमचा कान काय उत्तर देतो ते ऐकत ऐकत नितळ ते धागे तुमच्याच कानात विणतं. काही झाकलं गेलं तर ते उघडं करतं, आणि जे तुमच्या कानाला जास्त भावतं ते पुढे आणतं. एकच गाणं, पण ज्याचं त्याचं वेगळं.

त्या काळात सांगोल्यात कार्तिकी ऐवळे नावाची मुलगी राहत होती. आठवीत होती. तिला गाणी बनवायचं वेड होतं. वाद्य एकही वाजवता येत नव्हतं, पण टॅबलेटवर शेकडो वाद्यं होती.

गाणं बनवण्यात दोन कामं असतात. पहिलं म्हणजे रचना. काय वाजणार, कधी वाजणार, आणि मग पुढे काय होणार? दुसरं मिक्सिंग. कोण किती मोठ्यानं, कोण पुढे, कोण मागे, कुणाची धार कमी करायची? कार्तिकीला दुसरं काम फार आवडायचं. आठ मात्रांचा एक तुकडा तिनं बनवला होता. ढोल, त्यावर टिकटिकणारी झांज, मागे धुक्यासारखा पसरलेला एक सूर. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा आणि ती तो घासत बसायची.

"कार्ते, हे तर मागच्या आठवड्यात ऐकवलं होतंस," तिची मैत्रीण सानिया तांबोळी म्हणाली.

"हे वेगळंय गं. ढोलाला धार दिलीय. आणि तो मागचा सूर बघ, किती लांब नेलाय."

"बाई, भांडं घासून घासून आरसा केलास तू. आता त्यात काही शिजवणार, का नुसतं तोंड बघणार?"

"बघ ना, नितळचे सगळे दिवे हिरवे आहेत!"

"हिरवे दिवे खातेस काय भाकरीबरोबर?" सानिया म्हणाली.

कार्तिकीनं तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि झांजेची धार एक केसभर कमी केली.

तेवढ्यात घरात लग्न निघालं. कार्तिकीचा मोठा भाऊ दिगंबर डाळिंबाच्या पॅकिंगच्या कामावर होता. मुलगी पसंत पडली, तारीख ठरली, आणि वरातीचा विषय निघाला.

वरात तेव्हा मुकी असायची. खिडक्यांच्या काचा हलवणाऱ्या साउंडच्या भिंती केव्हाच बंद झाल्या होत्या. आता गाणं सगळ्यांच्या कानातल्या इअरबडमध्ये वाजायचं आणि रस्ता शांत असायचा. पायांची खसखस, घोड्याच्या टापा, बस्स. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं चालता चालता वारुळात शिरली आणि आता मुंग्या झटकतायत.

पण ऐवळ्यांच्या घरात वरात म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कार्तिकीचे वडील सुखदेव आप्पा हे बँडमास्तर. पंचक्रोशीतल्या कितीतरी वराती त्यांच्या क्लॅरिनेटच्या मागे चालल्या होत्या. त्यांच्या घरची रीत अशी, की मुलाची वरात निघताना पहिली ओळ बापानं वाजवायची. बाकी सगळे मागून.

अडचण एवढीच होती, की आप्पांचे कान गेले होते. पूर्ण नाही. आयुष्यभर ढोलताशे आणि भोंगे यांच्या मधोमध उभं राहून वरच्या सुरांच्या पेशी जळून गेल्या होत्या. एका लग्नात त्यांचा सूर चिरकला आणि त्यांना ते कळलंच नाही. पोरं हसताना मात्र दिसली. घरी आल्यावर क्लॅरिनेट पेटीत गेलं.

"लगीन लागलं की मी घरी यीन," आप्पा म्हणाले. "वरातीत माझं काय काम? समदी नाचणार, आन् मी आपला खांबावानी हुभा."

"तुम्ही पुढं नसला तर मी घोड्यावर बसायचो नाही," दिगंबर म्हणाला.

"मग घोड्यावर काय मी बसू?" आई म्हणाली.

"बस की. शोभशील."

"गप रे. पावण्यांसमोर असलं काही बोलू नको." आई हसली, पण तिनं आप्पांकडे बघितलं, आणि आप्पांनी दुसरीकडे.

कार्तिकीनं दिगंबरला बाजूला घेतलं. "दादा, आप्पा येतील. त्यांच्या कानात शिरेल असं गाणं मी करते. नितळ आहे की माझ्याकडे."

"बघ हां," दिगंबर म्हणाला. "नायतर मी खरंच चालत जाईन. नवरदेव पायी, घोडा मोकळा. गाव हसेल."

दुसऱ्याच दिवशी कार्तिकीनं आप्पांना अंगणात बाजेवर बसवलं आणि त्यांच्या कानात इअरबड घातले. टॅबलेटवर त्यांच्या कानाची पट्टी उमटली. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे चढे. डावी बाजू उजळलेली, आणि उजवीकडचा मोठा भाग काळा. तिथून कान काहीच उत्तर देत नव्हता. नितळनं भराभर काम केलं. चढे आवाज खाली आणले, झाकलेले उघडे केले. बघता बघता सगळे दिवे हिरवे झाले. कार्तिकीनं तोच तुकडा लांबवून गाण्याएवढा केला होता. तो सुरू झाला, चालला आणि संपला. आप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "ढोल लई बेस."

"आवडलं?"

"हां. पर सुरू कवा हुणार?"

"काय सुरू?"

"गाणं गं. ही तयारी झाली न्हवं?"

"आप्पा, संपलं. तेच गाणं होतं."

"संपलं?" आप्पांनी खरोखरच चकित होऊन विचारलं.

आत भाजी निवडणारी आई फिसकन हसली. कार्तिकीचा चेहरा लालभडक झाला. "तुम्हाला ऐकूच येत नाही, तर कळणार काय!" ती ओरडली. "तुमचे कानच गेलेत!"

आईचं हसू थांबलं. आप्पांनी इअरबड काढले, सदऱ्याच्या टोकानं पुसले आणि तिच्या तळहातावर ठेवले. "ते बी खरंच हाय," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग ते उठले आणि शेळीला पाला टाकायला गेले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं कार्तिकीला वाटलं.

नितळमध्ये एक सोय होती. दुसऱ्याच्या कानानं ऐकता यायचं. कार्तिकीनं आप्पांचा कान निवडला आणि नितळची मदत बंद करून ऐकलं. रजईत डोकं खुपसल्यासारखं वाटलं. बाहेर आई काहीतरी म्हणाली, त्यातले 'स' आणि 'श' गळून पडलेले. 'शेळी'ची नुसती 'एळी' उरली होती. आप्पा दिवसभर असल्या तुकड्यांमधून शब्द जुळवत असतात, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. मग तिनं नितळची मदत चालू केली आणि आपलं गाणं लावलं. ढोल स्वच्छ, झांज स्वच्छ, मागचा सूरही स्वच्छ. सगळं लख्ख. आणि त्या लख्ख उजेडात काय होतं? आठ मात्रा. मग त्याच आठ मात्रा. मग पुन्हा त्याच.

तरी तिचं मन मानेना. तिनं सानियाला बोलावलं, आईलाही कामातून उठवलं, आणि तिघींनी कानात इअरबड घालून अंगणात नाचायला सुरुवात केली. आई संथ डोलत होती. सानिया उड्या मारत होती. कार्तिकी दोघींच्या मधे होती आणि तिचा पाय कुणाशीच जुळेना.

"तू कशावर नाचतेयस?" तिनं सानियाला विचारलं.

"त्या टिकटिकीवर! मस्तंय."

"कसली टिकटिक?" आई म्हणाली. "मला तर नुसतं घुमतंय. पाळणा हलवल्यावानी."

नितळनं प्रत्येकीला तिच्या आवडीचं पुढे आणून दिलं होतं. एका गाण्यावर तिघी तीन नाच नाचत होत्या. गाण्यात 'आता सगळ्यांनी इकडे' असं सांगणारी एकही जागा नव्हती, मग त्या एकत्र येणार तरी कुठे?

"वरातीत असं झालं ना," सानिया म्हणाली, "तर नवरदेवाच्या मामांचा पाय घोड्याच्या पायात आणि घोड्याचा मामांच्या."

हसू आलं तरी कार्तिकीनं इअरबड काढून ठेवले. वरात जवळ येत होती.

सकाळी आप्पा अंगणात दात घासत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे तिचे ओठ त्यांना दिसतील.

"आप्पा, मी काल वाईट बोलले."

"कवा?" आप्पा म्हणाले. "मला तर काय ऐकूच आलं न्हाई."

कार्तिकी आधी रडवेली झाली आणि मग हसत सुटली. आप्पांनी चूळ भरली आणि तेही हसले.

"खरं सांगा ना. गाण्यात काय कमी आहे? मी प्रत्येकाला जागा केलीय. नितळमध्ये बटणच आहे तसं. ढोलाला जागा, झांजेला जागा, सगळ्यांना."

"आन् जागा घेतली कुनी?"

"म्हणजे?"

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात जागा म्हणजे वेगळीच चीज असते, मुलांनो. ओळ सरळ चाललेली असते आणि वाजवणारा मधेच एखादं असं वळण घेतो, की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप 'वा' निघतं. त्याला जागा घेणं म्हणतात. कार्तिकीची जागा बाकावर बसायची होती, आप्पांची बाकावरून उठायची.

"तू समद्यांस्नी बसवलंस," आप्पा म्हणाले. "छान बसल्यात. कुनाचा धक्का कुनाला न्हाई. पर हलतंय कोन?" ते पायरीवर टेकले. "आमच्या बँडात कसं हुतं, सांगू? मी वाजवायचो. वाजवून वाजवून दम लागायचा. म्या दम घ्यायला थांबलो, की कॉर्नेटवाला आत घुसायचा. त्येला दम लागला, की मी. त्या दम घेण्यातनंच गाणं पुढं सरकायचं. तुझ्या गाण्यात कुनाला दमच लागत न्हाई."

"कॉम्प्युटरला कशाला दम लागेल?"

"त्येला न्हाई लागत. ऐकणाऱ्याला लागतो की!"

त्या दिवशी शाळेतून आल्यावर कार्तिकीनं टॅबलेट उघडला आणि तो घासून लखलखीत केलेला तुकडा पुसून टाकला. मग तिनं आप्पांना सांगितलं, "मला वरातीची पहिली ओळ द्या. तुमच्या वरातीत आजोबांनी वाजवली होती ती."

आप्पांनी तोंडानं गाऊन दाखवली. साधीच ओळ, पण मधे एक चढण होती आणि चढणीच्या टोकाला असा झोका, की कार्तिकीची मान हलली. तिनं ती टॅबलेटवर बसवली आणि आप्पांना ऐकवली.

"वरचा सूर कुटं गेला?" आप्पा म्हणाले.

"आहे ना. वाजतोय."

"न्हाई वाजत. तू खाल्लास त्यो."

"आप्पा, तो वाजतोय. तुमचा कान तिथे उत्तर देत नाहीये. नितळकडून तो एकटाच खाली आणला तर तुम्हाला ऐकू येईल, पण मग चढणच राहणार नाही."

आप्पांचं तोंड उतरलं. "मग ऱ्हाऊ दे. वरात त्या वरच्या पट्टीतच निघती. माझ्या बापानं तशीच काढली. तुमचं मिक्सिंग म्हंजे नुसता नखरा."

इथे कार्तिकी रागावली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण ती त्यांचा कान लावून रजईतलं जग ऐकून आली होती. ती आत गेली आणि पेटीतून क्लॅरिनेट घेऊन आली.

"अगदी खालच्या सुरापासून एकेक वाजवा," ती म्हणाली. "मला बघू दे तुमचा कान काय म्हणतो."

आप्पांनी ते काळं लाकूड सदऱ्याला पुसलं. मग त्यांनी पत्ती ओठांनी भिजवली. ही पत्ती म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधलेली वेताची पातळ चीप, फुंकर घातली की ती थरथरते आणि सूर होतो. पहिला सूर अंगणभर पसरला. खोल, जाडसर, गुळासारखा. पट्टीवर डावीकडचा दिवा झळकला. एकेक सूर वर जात राहिला आणि एकेक दिवा लागत राहिला. एका सुरावर दिवा मिणमिणला. पुढच्यावर लागलाच नाही.

"हा ऐकू आला?"

"आला," आप्पा म्हणाले. "आला म्हंजे, आठवला."

कार्तिकीनं पट्टीवर बोट ठेवलं. "इथून इथपर्यंत तुमचा कान पक्का आहे. बघा किती मोठी खोली आहे ही! एवढी खोली रिकामी टाकून तुम्ही माळ्यावर कशाला बसताय?"

आप्पांनी पट्टीकडे बघितलं. फुंकर न घालता क्लॅरिनेटवर नुसतीच बोटं फिरवली, जणू वाट चाचपतायत. मग वडिलांची ती ओळ त्यांनी खर्जात उतरवून वाजवली. चढण तीच होती, फक्त डोंगराच्या पायथ्यापासून सुरू होऊन मध्यावर थांबत होती. आई दारात येऊन उभी राहिली, हातातलं काम तसंच.

"आवाज निराळाच लागला," आप्पा पुटपुटले. "माझ्या बापाचा न्हाई. माझाच."

मग दोघं कामाला लागली. कार्तिकी रचना करायची आणि आप्पा ऐकायचे. ओळ आली की ढोल गप्प बसायचा. ओळीनं दम घेतला की ढोल बोलायचा. झांज तर कितीतरी वेळ यायचीच नाही, आणि आली की सण आल्यासारखं वाटायचं. ज्यांची पूर्वी बाकावर रेटारेटी व्हायची ते आता आळीपाळीनं येत होते, त्यामुळे मिक्सिंगचं कितीतरी काम करावंच लागलं नाही.

पण सगळंच टळलं नाही. ओळ खर्जात आल्यामुळे ती आता ढोलाच्या घुमण्याशेजारी बसली होती, आणि ढोलाचा शेवटचा घुमारा विरण्याआधी ओळ सुरू झाली की तिचं तोंड झाकलं जायचं.

"ढोल काढूनच टाक," आप्पा म्हणाले.

"वरातीला ढोल नाही? मग लोक काय भाषण ऐकायला चाललेत?" कार्तिकी म्हणाली. "थांबा जरा." तिनं ढोलाच्या तळाची नुसती गुरगुर कापली आणि थाप तेवढी ठेवली. "आता?"

आप्पांनी ऐकलं. "आता दोगंबी दिसत्यात," ते म्हणाले. आप्पांना आवाज दिसायचे. "हा नखरा बरा हाय तुझा."

गाण्याच्या मध्यावर कार्तिकीनं एक मोकळी जागा सोडली होती. तिथे काहीच वाजत नव्हतं, फक्त एक बारीक ठोका चालू होता.

"इथं आप्पा, तुम्ही वाजवणार? थोडंच आहे. चार मात्रा."

"लोकांम्होरं?" आप्पा म्हणाले. त्यांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. "पैली ओळ वाजवीन. रीत हाय म्हनून. फुडचं बघू."

एवढ्यावर दिगंबर खूष झाला. कार्तिकी मात्र आप्पांचं 'बघू' ओळखून होती.

लग्न लागलं, पंगती उठल्या आणि ऊन कलल्यावर वरात तयार झाली. फेटा सावरत दिगंबर घोड्यावर चढला. मागे फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये नवी वहिनी आणि तिच्या मैत्रिणी. सगळ्यांच्या कानात इअरबड. कार्तिकी जीपच्या पुढे चालत होती. तिच्या गळ्यात पट्ट्यानं टॅबलेट अडकवलेला, बाजूला सानिया. गाणं सोडण्याआधी नितळनं नेहमीचा प्रश्न विचारला. प्रत्येकासाठी वेगळं, की सर्वांसाठी एकच?

"वेगळं कर," मागून नवरीचा चुलतभाऊ म्हणाला. "मला बेस जास्त लागतो."

"सर्वांसाठी एकच," कार्तिकीनं दाबलं.

"काहींना कमी आवडेल गं," सानिया कुजबुजली.

"आवडू दे कमी. पण एकदम आवडू दे."

आप्पा सगळ्यांच्या पुढे उभे होते, पाठमोरे. त्यांनी क्लॅरिनेट उचललं. मुक्या रस्त्यावर ती खर्जातली ओळ उघड्या हवेत निघाली. इअरबडमधून नाही, खरीखुरी. पानाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. ओळ संपली, आप्पांनी दम घेतला आणि त्या दमावर कार्तिकीनं गाणं सोडलं. ढोल आला. आणि सगळ्या वरातीचा पाय एकाच वेळी जमिनीवर पडला. धप्प! एवढ्या माणसांचा एकच आवाज. लोक दचकून एकमेकांकडे बघायला लागले आणि हसले. पुढचा पाय पुन्हा एकत्र. बेस मागणारा चुलतभाऊसुद्धा कार्तिकीच्या आईशेजारी, तिच्याच चालीत नाचत होता.

आप्पा नाचत नव्हते. क्लॅरिनेट खाली धरून चालत होते, पण त्यांचा अंगठा मांडीवर ठेका धरत होता, अगदी बरोबर.

मग ती मोकळी जागा आली. ढोल थांबला, झांज थांबली, बारीक ठोका तेवढा राहिला. कार्तिकी बघत होती. आप्पा चालता चालता थबकले. पाठीवरून काही कळेना. आणि मग त्यांच्या दोन्ही कोपरांनी हळूच उचल घेतली.

त्यांनी जागा घेतली. चढणीच्या पायथ्याशी येऊन ते चढलेच नाहीत. आणखी खाली उतरले, तिथे घुटमळले, आणि कुणाला अपेक्षाच नव्हती अशा बाजूनं वर आले. जीपमधून कुणीतरी 'वा!' म्हणालं. घोड्यानंही कान टवकारले. दिगंबर फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होता आणि धूळ गेली असं दाखवत होता.

पण चार मात्रा संपत आल्या होत्या, आणि आप्पांची जागा संपली नव्हती.

टॅबलेटवरची रेघ पुढे सरकत होती. पलीकडे ढोल उभा होता, सगळ्या झांजा घेऊन. तो आला, की ज्या खर्जात आप्पा वाजवत होते तो पहिल्याच थापेला झाकला जाणार. आप्पांना स्वतःचाच सूर ऐकू येईनासा होणार, भर वरातीत, लोकांसमोर, पुन्हा एकदा. तेवढ्यात पडद्यावर नितळची सूचना उमटली. 'बाहेरचा आवाज मिसळत आहे. अडवू का?'

"कार्ते!" सानियानं तिचा दंड धरला. "ढोल येतोय!"

कार्तिकीनं 'नको' दाबलं. नुसता ढोल लहान केला असता तर गाणं आतून पुढे पळत राहिलं असतं, आणि आप्पा परत आले तेव्हा ते भलत्याच ठिकाणी सापडलं असतं. नुसतं गाणं थांबवलं असतं तर ठोका तुटला असता आणि सगळ्यांचे पाय हवेत राहिले असते.

मग तिनं काय केलं सांगू? डाव्या हाताचं बोट त्या मोकळ्या जागेवर घट्ट दाबून धरलं, म्हणजे त्याच चार मात्रा पुन्हा फिरू लागल्या आणि ढोल दारातच थांबला. उजव्या हातानं तो बारीक ठोका इतका हलका केला, की आप्पांना तो जेमतेम ऐकू यावा, पण त्यांच्या आड येऊ नये. मग डावं बोट न उचलता तिनं कोपरानं सानियाला ढोसलं. "माझे इअरबड काढ. दोन्ही."

सानियानं ते काढले. पडद्यावर आता बघण्यासारखं काही नव्हतं. कार्तिकीनं मान वर केली आणि आप्पांच्या पाठीवर नजर लावली. सदऱ्याखाली त्यांचे खांदे भरत होते, रिकामे होत होते. त्यांना दम कधी लागतो आणि ढोलाला आत कधी सोडायचं, याची ती दोन्ही हात तसेच धरून वाट बघत राहिली.